नंदा, तुझी दुसरी मुलाखत

“या वयात शिकून तुम्ही काय करणार?” असं मी तुला विचारलं आणि तू उत्तर दिलं नाहीस.

मला वाटलं, तू विचार करते आहेस. फौजेतली माणसं तोंड उघडायच्या आधी आतल्या आत सगळं रांगेत लावतात, हे मला आता कळलं होतं. म्हणून मी थांबले. चष्मा वर सरकवला. तूच मोठ्या अक्षरात लिहून दिलेला सरावाच्या प्रश्नांचा कागद टेबलावर ठेवला. तरी तू गप्प. मग मला राग आला.

“बोल नं व! तोंडाले कुलूप लागलं काय? साहेब लोक काय तुह्या तोंडाकडे पाहत बसतीन?”

तू जेवणाच्या खुर्चीवर ताठ बसलेली होतीस. कडक इस्त्रीची साडी, पाय जुळवलेले, हात मांडीवर. फक्त मान डावीकडे कलली होती. तू जन्मात कधी मान कलती ठेवून बसली नाहीस. ते पाहिलं तेव्हा मी उठले. तुझा हात धरला तर तो माझ्या हातात नुसता पडून राहिला.

शेजाऱ्यांची गाडी आली, आपण दवाखान्यात गेलो, म्हणजे मी गेले आणि तुला नेलं. डॉक्टर म्हणाला, “आजी, हृदय एकदम थांबलं. तुम्ही जवळ होता, पण तुम्हाला काही करता आलं नसतं.” मी म्हटलं, “मले ठाऊक आहे. मी काही करत नव्हती. मी तिले रागावत होती.”

तुला रागावत होते याचं मला वाईट वाटत नाही. तुझ्या कानावर शेवटचं काही पडलं असेल तर ओळखीचा आवाज पडला. गोड बोलत असते तर तूच घाबरली असतीस की बाईला, आपल्या थोरल्या बहिणीला, काय झालं.

लोकांना वाटतं तू बोलता बोलता गेलीस. तसं नाही. तू न बोलता गेलीस. मला राग आहे तो त्याचाच.

पुण्यानुमोदनाला, तुझ्या आठवणीच्या कार्यक्रमाला, खूप लोक आले. माजी सैनिकांच्या संघटनेची माणसं आली, त्यांनी फुलांचं चक्र ठेवलं, तुझ्या फोटोला सॅल्यूट केला. ते त्यांनी चांगलं केलं. एकानं भाषण केलं की लेफ्टनंट कर्नल मॅडमनी सैन्यातल्या दवाखान्यांत आयुष्य वेचलं, बर्फात राहून जवानांची सेवा केली. तेही खरं. पण पंचावन्न उलटल्यावर कर्नल मॅडम बिझनेस स्कूलला जायला निघाली होती, एकदा नापास झाली होती आणि दुसऱ्यांदा तयारी करत असताना गेली, हे एकाही माणसानं म्हटलं नाही. कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही. जणू तू पाय घसरून पडली होतीस आणि तो विषय काढू नये.

म्हणून मी लिहायला बसले. मी चौथी शिकलेली आहे, लिहायला वेळ लागतो. तुला घाई असेल तर असू दे.

तू रिटायर होऊन अमरावतीला फ्लॅट घेतलास तेव्हा मला बरं वाटलं. मी अकोल्यात, तू अमरावतीत, मध्ये एक मूर्तिजापूर. मला वाटलं, आता ही पेन्शन खाईल, आठवड्याला माझ्याकडे येईल, दोघी मिळून शेवया करू. पण काही महिन्यांनी तू आलीस ती फाईल घेऊन.

“बाई, मले बिझनेस स्कूलमध्ये जायचं आहे.”

“कशाची शाळा?”

“धंदा शिकवतात तिथं. एक वर्षाचा कोर्स आहे, नोकरी केलेल्या लोकांसाठी.”

“धंदा शिकायले शाळा लागते? आपल्या चौकातला किराणावाला कोनत्या शाळेत गेला?”

“त्याचं एक दुकान आहे, बाई.”

“मंग तुले किती पाह्यजेत?”

“दोन जिल्हे,” तू म्हणालीस, आणि मी कपाळाला हात लावला.

तुझ्या डोक्यात ते खूळ कुठून आलं ते मला माहीत होतं. तुझ्या भाऊजींना लकवा झाला तेव्हा तू मोठी सुट्टी काढून आलीस. त्यांना कुशीवर कसं वळवायचं, चादर कशी ओढायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, ते सगळं मला शिकवलंस. रबरी हातमोज्यांत पाणी भरून गाठ मारली आणि त्यांच्या टाचांखाली ठेवली. भाऊजींना बोलता येत नव्हतं, पण ते पाण्याचे पंजे पाहून हसले. मग तुझी सुट्टी संपली. तू गेलीस आणि मी अकोल्यात नर्स शोधत हिंडले. कुणी दोन दिवस यायची, कुणी सकाळी यायची तर संध्याकाळी नाही. शेवटपर्यंत मीच त्यांना वळवत राहिले आणि माझी कंबर गेली ती गेलीच.

“आपल्या दोन्ही जिल्ह्यांत किती पोरी नर्सिंग शिकतात,” तू म्हणायचीस, “आणि सगळ्या पुन्या-मुंबईले निघून जातात. अन् इथं म्हातारी मानसं खाटेवर कुजून राहिली. पोरींना इथंच काम मिळालं पाह्यजे आणि म्हाताऱ्यांना घरात नर्स. एवढंच तर करायचं आहे.”

“मंग कर नं. कोन अडवलं?”

“करता येत नाई मले.”

“काऊन?”

“करून पाह्यलं नं.”

तेही मी पाहिलं होतं. आमच्याच भागात एक रिटायर्ड मास्तर अंथरुणाला खिळले होते. तू त्यांच्या घरी तेल्हाऱ्याची रेखा लावून दिलीस. पोरगी चांगली, हाताला हलकी, हसरी. मास्तर तिच्या हातून जेवायला लागले. सुनेला वाटलं, देव पावला. मग तू पाहणीला गेलीस. सूनबाईच्या स्वयंपाकघरात ओट्यावरून बोट फिरवलंस. खिडकीची जाळी काढायला लावलीस. सुनेला म्हणालीस, “नखं कापा.” तिच्याच घरात! ती बाई माझ्याकडे रडत आली. “आजी, तुमच्या बहिणीनं माह्या माहेरच्या मानसांसमोर मले नखं कापायले लावली.”

आणि रेखा. रविवारी ती गावी गेली, सोमवारी तेल्हाऱ्याची बस उशिरा आली. तू मास्तरांच्या व्हरांड्यात घड्याळ पाहत उभी. ती धावत आली तर तिला आत जाऊ दिलं नाहीस. “ड्युटीची वेळ म्हणजे वेळ. आज तुझी गैरहजेरी लागली.” आत मास्तर तिच्या वाटेकडे डोळे लावून पडलेले, बाहेर ती उभी, आणि मध्ये तू. सून म्हणाली, “मॅडम, आम्हाले चालते, येऊ द्या नं तिले.” तू म्हणालीस, “मले नाई चालत.” दुपारी रेखानं पिशवी उचलली आणि ती गेली. संध्याकाळी मास्तरांच्या घरून निरोप आला की आता कुणालाच पाठवू नका.

त्या दिवशी तू माझ्याकडे येऊन जेवली नाहीस. म्हणालीस, “मले हुकूम देता येते बाई, मानसं जमवता येत नाई. फौजेत जे होते ते ऐकायलाच बांधलेले होते. इथं सगळे मोकळे आहेत.”

तेवढं तुला कळलं, ही मोठी गोष्ट. पण तुझा इलाज काय, तर शाळा! मी म्हटलं, “अवो, रेखाच्या घरी जा, तिच्या मायच्या हातचा चहा पे, चुकलं म्हन, झालं.” तू म्हणालीस, “असं नाई होत.” कसं होत नाही? तुझ्या त्या फौजेत चुकलं म्हणायचा काही हुकूम नसेल, म्हणून होत नाही.

पहिल्या मुलाखतीला आपण नागपूरला गेलो. मी अकोल्याहून बसले, तू बडनेऱ्याला चढलीस. सगळ्या डब्यात तूच एक अशी बसली होतीस की टीसीनं आधी तुला नमस्कार केला आणि मग तिकीट मागितलं. तिथं गेलो तर बाहेरच्या खोलीत सगळी टाय लावलेली मंडळी, कुणी तिशीतलं, कुणी चाळिशीतलं. तू आत पाऊल टाकलंस आणि सगळे खुर्च्यांवरून उठले. “गुड मॉर्निंग मॅम!” त्यांना वाटलं, परीक्षा घेणारी आली. तू उमेदवार आहेस असं सांगशील की नाही? तू म्हणालीस, “बसा.” आणि ते बसले. मला इतकं हसू आलं की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

आतून आलीस तेव्हा तुझा चेहरा गोठलेला होता. गाडीत बसलो, वर्धा गेलं, तेव्हा सांगितलंस.

“त्यांनी इचारलं, तुमच्या आयुष्यातलं मोठं अपयश सांगा.”

“मंग?”

“मी म्हनलं, निल, सर.”

“म्हंजे?”

“निल म्हंजे काही नाही. शून्य.”

मी तुझ्याकडे पाहिलं. तू खिडकीबाहेर.

“आम्ही रिपोर्टमध्ये तसंच लिहितो बाई. रिकामी जागा ठेवायची नसते. लिहायसारखं काही नसलं की निल.”

“अन् ते साहेब काय म्हनले?”

“हसले. एक बाई होत्या, त्या नाही हसल्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.”

माझा जो भडका उडाला तो तुला आठवत असेल. “निल? तुह्या हातचं वांग्याचं भरीत आजपावतो कोनी खाल्लं नाई, ते निल? लग्नाले तीन ठिकानी नाही म्हनलं अन् चौथ्यानं तुलेच नाही म्हनलं, ते निल? भाऊजीचा स्कूटर शिकतो म्हनून विहिरीच्या कठड्याले लावला, ते? अन् रेखा? ते पोरगी रडत गेली ते निल लागते काय तुले?”

समोरच्या बाकावरचा माणूस पेपरच्या आड हसत होता. तू म्हणालीस, “तुले नाही समजत. आम्ही चूक कबूल केली की ते साहेबाच्या रिपोर्टात जाते, तिथून पुढं प्रमोशन नाही. सगळी नोकरी मी असं बोलली नाही. आता एका मिनिटात कसं बोलू?”

“पन आता कोनतं प्रमोशन रायलं तुहं?”

तेवढ्यात बडनेरा आलं. तू बॅग घेतलीस आणि उतरलीस. मी अकोल्यापर्यंत एकटीच भांडत गेले. भांडण मध्येच सोडून उतरायची तुझी खोड जुनीच.

निकाल आला तेव्हा तू फोनवर म्हणालीस, “नाही झालं.” मी म्हटलं, “बरं झालं.” तू फोन कापलास. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, “पुढच्या वर्षी पुन्हा भरतो.” बरं, भर. मी कोण अडवणार.

या वेळी तू अर्ज पाठवून मोकळी झालीस आणि मग माझ्याकडे सरावाला यायला लागलीस. सराव घेणारे लोक अमरावतीतही आहेत असं तूच सांगितलं होतंस. मी म्हटलं, त्यांच्याकडे जा. तू म्हणालीस, “ते गोड बोलतात. मले कडू पाह्यजे.” म्हणजे मी. मला खुर्चीवर बसवलंस, चष्मा लावायला सांगितलंस, हातात कागद दिलास. मी प्रश्न विचारायचा, तू उत्तर द्यायचं. पटलं नाही की मी टेबलावर हात आपटायचा. ते काम मला जमलं.

पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, “माझं अपयश रेखा आहे.” सरळ. नाव घेऊन. पूर्ण गोष्ट सांगितलीस, नखांसकट. मी हात आपटला नाही.

“हे तिले जाऊन सांगतलं काय?”

“हा प्रश्न कागदावर नाही, बाई.”

“मी इचारून राहिली.”

“पुढचा प्रश्न घे.”

मग एका दुपारी तू तो निबंध वाचून दाखवलास, अर्जासोबत पाठवलेला. इंग्रजीत होता, तू एकेक ओळ मराठीत सांगत गेलीस. तुमच्यावर सगळ्यात जास्त कुणाचा प्रभाव आहे, असा विषय. तू माझ्यावर लिहिलं होतंस. माझ्या थोरल्या बहिणीनं मला शिकता यावं म्हणून शाळा सोडली, ती शेतात राबली, तिच्या त्यागामुळे मी इथवर आले. असलं.

मी म्हटलं, “खोटं आहे.”

“काय खोटं?”

“सगळं. मी शाळा सोडली तवा तू जन्मालेच आली नव्हती. चौथीच्या पुढची शाळा तिवस्याले होती, लांब चालत जा लागे अन् मले शाळेचा कटाळा होता. मास्तर हातावर छड्या मारे. मी सोडून दिली अन् मले लय मोकळं वाटलं. त्याग कुठी आला त्याच्यात?”

तू कागद खाली ठेवलास.

“माय तं म्हने...”

“काय म्हने माय?”

“मी अभ्यास नाही केला की म्हने, तुही बाई तुह्यासाठी घरी बसली अन् तू असं करतं?”

तेव्हा मला कळलं आणि मला हसावं की रडावं समजेना. आपली आई! तुला अभ्यासाला बसवायला तिनं मला वापरलं. तू लहान होतीस, माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले होते, मला विचारणारं कोण? आणि तू ते खरं धरलंस. ते धरून बारावीला माझ्या घरी राहिलीस, माझी भांडी घासलीस, नर्सिंगला गेलीस, फौजेत गेलीस. दर सुट्टीला कँटीनचं सामान आणलंस. कुकर, खोबरेल तेल, चादरी, भाऊजींना दाढीचं सामान, मला लोकरीचा स्वेटर, तोही अकोल्याच्या उन्हात. मी म्हणायची, काऊन आणते एवढं? तू म्हणायचीस, राहू दे, तुझा हक्क आहे. मला वाटायचं, फौजेत शिकवतात असं बोलायला. आता त्या दुपारी कळलं की कसला हक्क.

मी म्हटलं, “तुले शिकवलं बाबानं. सायकलवर पुढं बसवून तिवस्याच्या शाळेत कोन नेत होतं? मी? अन् बाबाचं नाव कुठी आहे याच्यात?”

“बापाचं सगळेच लिहितात, बाई. बहिनीचं कोनी लिहित नाही. वाचणाऱ्याच्या ध्यानात राहते.”

“म्हंजे तुले विकता येते!” मी टेबलावर हात आपटला. “मानसं जमवता येत नाही म्हने! मले विकून आली नं तू! अन् मलेच पत्ता नाई! मंग शाळा कायले पाह्यजे तुले?”

तू हसलीस. तू मोठ्यानं हसायची नाहीस, तोंडावर हात घेऊन हसायचीस, पण त्या दिवशी हात विसरलीस. खूप वेळ हसत राहिलीस. मग कागदाची घडी घातलीस आणि म्हणालीस, “गेलेला अर्ज परत घेता येत नाही.” मी म्हटलं, “मुलाखतीत इचारलं तं खरं सांगजो.” तू म्हणालीस, “पाहतो.”

पाहतो! ते काय उत्तर झालं? खरं सांगणार होतीस की नाही? फौजेत खोटं चालत नाही म्हणून आम्हाला उपदेश करणारी तू. मी आताही ठरवू शकत नाही. कधी वाटतं, सांगितलं असतंस, आणि तोच तुझा सगळ्यात भारी निबंध झाला असता. कधी वाटतं, नसतंस सांगितलं, कारण इतकी वर्षं ज्याच्या जोरावर चाललीस ते असं एका दुपारी टाकून देता येत नाही. मलाही तुला आणखी काही सांगायचं होतं, पण मला ते नीट जुळवता आलं नाही. म्हणायचं एवढंच होतं की मी काही केलेलं नसताना तू मला जन्मभर मोठं समजलीस आणि मी ते सामान घेत राहिले, तर त्यात तुझं नुकसान झालं असं मला वाटत नाही. तो स्वेटर तेवढा वाया गेला.

तू गेल्यानंतर काही दिवसांनी रेखा आली. मी तिला ओळखलंच नाही, अंगानं भरली आहे. आता नागपूरला एका दवाखान्यात आहे, सुट्टीवर गावी आली तर तुझं कळलं. दारातच चपला नीट जुळवून ठेवल्या, तुझ्या धाकानं. बसली. पाणी प्याली.

“मॅडम आमच्या घरी आल्या होत्या आजी, तेल्हाऱ्याले.”

“कधी?”

“आत्ताच, गेल्या त्याच्या आधी. मी घरीच होती त्या दिवशी.”

मला तू बोलली नव्हतीस. एक शब्द नाही.

“काय म्हनली?”

“काई नाई. चहा घेतला. माह्या बाबाचं बीपी पाह्यलं, गोळी बदलून घ्या म्हनल्या. मायशी बोलल्या कपाशीचं. मंग जाताना व्हरांड्यात उभ्या रायल्या, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् मले म्हने, ‘जागा स्वच्छ आहे.’”

“बस?”

“बस. मी समजली आजी.”

ती समजली. मी असते तर समजले नसते. तेल्हाऱ्यापर्यंत बसनं जायचं, चहा प्यायचा, आणि चुकलं म्हणायच्या जागी जागा स्वच्छ आहे म्हणायचं! पण पोरीनं डोळे पुसले, म्हणजे तिला पोचलं. तुझ्या तोंडून यापेक्षा जास्त कुणाला काही मिळालं असेल असं मला वाटत नाही.

जाताना तिनं विचारलं, “आजी, ते घरी नर्स पाठवायचं काम आता कोन करीन?”

मी म्हटलं, “कोनी नाही.”

तिला वाटलं असेल मी काही तरी धीराचं बोलेन. पण मला खोटं बोलायचं नव्हतं. माझी कंबर धड नाही, मला चौकापर्यंत जायला काठी लागते. माझा मुलगा त्याच्या नोकरीत. रेखाला घर चालवायचं आहे, तिनं नागपूर का सोडावं? ते काम तुझ्या डोक्यात होतं आणि डोक्यासकट गेलं. मास्तर अजून आहेत. सून एकटी वळवते त्यांना. परवा रस्त्यात भेटली, कंबरेला पट्टा होता. मला तुझ्यावर सगळ्यात जास्त संताप आला तो तेव्हा. त्या सोमवारी जर तू रेखाला आत जाऊ दिलं असतंस तर शाळेची गरजच पडली नसती. आणि शाळेत गेली असतीस तर कदाचित दोन जिल्हे झालेही असते. मी हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. मी म्हणायची, या वयात काय करणार. आता म्हणते, केलं असतंस तू. चिडून चिडून लोकांना हैराण केलं असतंस, पण केलं असतंस.

या वेळची मुलाखत घरबसल्या कॉम्प्युटरवर होती, आणि त्या दिवशी तुझा फोन माझ्याकडेच होता. मी तो चार्ज करून ठेवत होते. का, ते मला विचारू नको. सकाळी स्वयंपाक चालू असताना वाजला. हिंदीत बोलणारी मुलगी होती, आवाज नम्र.

“मॅम, आप लिंक पे नहीं आईं अभी तक. पॅनल वेट कर रहा है.”

मी गॅस बंद केला. “वो नहीं आएगी. गुजर गई.”

ती म्हणाली, आय ॲम सो सॉरी. खरंच वाईट वाटलं असावं तिला, श्वास ऐकू आला. मग मागं कुणाशी तरी बोलली आणि परत आली. म्हणाली, “मॅम, ॲप्लिकेशन विड्रॉ करने के लिए एक मेल करना पड़ेगा. कैंडिडेट के ही मेल आयडी से.”

“मरा हुआ आदमी मेल भेजता है क्या बाई?”

“जी... नहीं मॅम. लेकिन सिस्टम में...”

“तुम्हारा सिस्टम तुम देखो. मैं बोल रही हूँ, लिख लो. सुनंदा नहीं रही. अब उसका कोई पेपर मत रखो टेबल पर. दूसरा कोई बैठा होगा बाहर, उसको बुलाओ.”

तिनं लिहून घेतलं. टाइप केल्याचा आवाज येत होता.

“आपका नाम मॅम?”

“कौसल्या.”

“रिलेशन?”

“बहन.”

“छोटी या बड़ी?”

“बड़ी,” मी म्हटलं.

ती म्हणाली, ठीक आहे मॅम, आणि फोन ठेवला. मी गॅस पुन्हा लावला. वरण करायचं होतं.

नंदा, तू छप्पन्नची होतीस. मी बहात्तरची आहे. जिवंत मी आहे.